समुद्री परफ्यूम उडून जातो, की आपल्यालाच येईनासा होतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायकोने मिळून उन्हाळ्यासाठी एक युनिसेक्स परफ्यूम घेतला, समुद्रकिनाऱ्याच्या कल्पनेवर बेतलेला. घेताना कागदाच्या पट्टीवर तो दोघांनाही फार आवडला. अंगावर मात्र पहिली वीस मिनिटं ताजंतवानं वाटतं आणि तासाभरात काहीच उरत नाही. म्हणून दिवसातून चारदा, दर वेळी सहा-सात फवारे मारणं चालू आहे. शिवाय त्याच्या अंगावर वास खारट-लाकडी येतो आणि तिच्या अंगावर गोडसर. बाटली फसवी निघाली का, कडक उन्हात लावावा का, आणि समुद्रावर जाताना लावला तर चालेल का, हे त्यांना जाणून घ्यायचंय.

सगळ्यांत आधी सांगतो, ते सहा-सात फवारे आजपासून बंद करा. बाटली बहुधा चांगलीच आहे. दुपारीही तुमच्या अंगावर परफ्यूम असतो आणि शेजारच्या माणसाला तो येतोही. फक्त तुमच्या नाकांनी त्याची दखल घेणं सोडून दिलेलं असतं. गेली बावीस वर्षं मी सुगंध जुळवण्याचं काम करतो आणि त्यातला बराच काळ ‘समुद्र’ या एकाच विषयावर गेला आहे. या जातीच्या परफ्यूमबद्दल हीच तक्रार मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकली आहे. तिचं मूळ हा परफ्यूम बांधलेला कसा असतो यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मिठाला वास नसतो. चिमूटभर मीठ हुंगून बघा, काहीही येत नाही, कारण मिठाची वाफ होऊन ती नाकापर्यंत पोचतच नाही. बाटलीवर ‘सागरी मीठ’ छापलेलं असतं तेव्हा त्या मागे कुठला तरी दुसराच पदार्थ मिठाची भूमिका करत असतो. खऱ्या समुद्राला जो वास येतो तो त्यातल्या जिवांचा. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या पेशींत गंधक असलेलं एक रसायन असतं. जिवाणू ते फोडतात आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. पाणी नजरेला पडायच्या आधीच ‘आला समुद्र’ असं जे वाटतं, ते बरंचसं या वायूमुळे. खुल्या समुद्रावर हिंडणारे काही पक्षी याच वासाचा माग काढत अन्नापर्यंत पोचतात. त्यात समुद्रशैवालाच्या प्रजननपेशी एकमेकींना बोलावण्यासाठी सोडतात ते डिक्टिऑप्टेरीन नावाचे पदार्थ मिसळतात, आणि सुकत चाललेल्या शैवालाचा तुरट, आयोडीनसारखा उग्रपणा. समुद्राच्या हवेत ओझोन असतो म्हणून ती अशी वासाला येते, हा समज जुना आहे. किनाऱ्यावरच्या वासाशी ओझोनचा तसा संबंध नाही, तरी आमच्या धंद्यात ‘ओझोनिक’ हा शब्द अजून चालतो.

मग हेच पदार्थ बाटलीत का भरत नाहीत? डायमिथाइल सल्फाइड कणभर असेल तोवर ठीक, जरा हात सैल सुटला की उकडलेल्या कोबीचा वास येतो. शैवालाचा अर्क आम्ही वापरतो, तो मला मनापासून आवडतोही, पण नुसता लावला तर जाळी वाळत घातलेल्या होडीत बसल्यासारखं वाटेल. माणसाला अंगावर समुद्र नको असतो, समुद्राची आठवण हवी असते. ती आठवण रचण्याचं काम मुख्यतः दोन पदार्थ करतात, आणि दोघांची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पहिला कॅलोन. १९६६ साली फायझर या औषध कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ मन शांत करणाऱ्या औषधांच्या जातीतली संयुगं बनवत होते. त्या कामात हा रेणू हाती आला. औषध म्हणून त्याचं काही झालं नाही, पण त्याला वास विलक्षण होता: ओला वारा, शिंपल्यातलं पाणी आणि नुकतंच कापलेलं कलिंगड, तिन्ही एकदम. बरीच वर्षं तो परफ्यूममध्ये फारसा कुणी वापरला नाही. १९८० चं दशक संपता संपता त्याला भाव आला आणि पुढच्या दशकाचा सगळा ‘पाणीदार’ वास त्याच्याभोवती उभा राहिला. इस्से मियाकेचं १९९२ चं ‘लो दिस्से’ हे त्यातलं ठळक नाव. त्याआधी १९८८ मध्ये दाविदॉफच्या ‘कूल वॉटर’ने थंड, धुतल्यासारख्या ताजेपणाची चटक लोकांना लावलीच होती. त्यात डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचा, लिंबू आणि लव्हेंडर यांच्या मधला, धातूसारखा चकाकणारा पदार्थ भरपूर आहे. आजही निळ्या बाटलीचं झाकण उघडल्यावर पहिली धडक बसते ती बहुधा याचीच.

दुसरा अँब्रॉक्सन, आणि याच्यावर माझा विशेष जीव आहे. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती एक मेणचट गोळा तयार होतो. तो बाहेर पडला की वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात आणि उन्हात तरंगत राहतो, आणि तेवढ्या काळात त्याची घाण जाऊन एक अपूर्व वास उरतो: खारट, उबदार, जुन्या लाकडासारखा, उन्हात तापलेल्या कातडीसारखा. हाच अंबर. त्यातला मुख्य गंधरेणू, म्हणजेच अँब्रॉक्सन, प्रयोगशाळेत १९५० च्या सुमारास तयार झाला. पुढे तो क्लॅरी सेज या झुडपातून मिळणाऱ्या स्क्लॅरिऑलपासून बनवायला लागले. म्हणजे आज तुमच्या परफ्यूममधला ‘खारेपणा’ मुळात एका रानझुडपातून आलेला असण्याची शक्यता खूप आहे. देवमाशाला त्यासाठी त्रास द्यावा लागत नाही, याचं मला खरोखर समाधान वाटतं.

तिसरा एक सूर अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘समुद्रकिनारा’ म्हटल्यावर लाखो माणसांना जो वास आठवतो तो समुद्राचा नसतोच, तो सनस्क्रीनचा असतो. १९३० च्या दशकाच्या मध्यावर लोरेआलने ‘आंब्र सोलेर’ हे तेल आणलं. त्यात ऊन अडवण्यासाठी बेंझिल सॅलिसिलेट होतं. हा मंद, फुलांसारखा, जरासा उष्ण वास पिढ्यांच्या डोक्यात ‘सुट्टी’ म्हणून बसला. त्याला नारळाच्या गोडीचा गॅमा-नोनालॅक्टोन जोडला की किनारा तयार होतो. म्हणून हे परफ्यूम ढोबळमानाने दोन स्वभावांचे असतात: एक पाण्याच्या बाजूचे, थंड आणि खारट, आणि दुसरे वाळूच्या बाजूचे, उबदार आणि गोडसर. तुमच्या बाटलीत दोन्ही आहेत असं तुमच्याच वर्णनावरून दिसतंय. ती गोष्ट पुढे कामाला येईल.

आता तासाभरात गायब होण्याकडे वळू. वास टिकतो किती हे बरंचसं रेणू किती जड आहे यावर ठरतं. लिंबू-संत्र्यातल्या लिमोनीनचा रेणुभार १३६, डायहायड्रोमिर्सेनॉलचा १५६, कॅलोनचा १७८, अँब्रॉक्सनचा २३६ आणि गॅलॅक्सोलाइड या नेहमीच्या मस्कचा, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाच्या पदार्थाचा, २५८. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. उन्हाळ्यात कातडी तापते, रक्त कातडीजवळ येतं, घाम फुटतो, आणि वरचा हलका थर ज्या वेगाने एरवी उडतो त्याहून कितीतरी झपाट्याने उडतो. हे खरंखुरं नुकसान आहे, त्याला परफ्यूमचा इलाज नाही. पहिली वीस मिनिटं पहिली वीस मिनिटंच राहणार.

गुलाबाच्या किंवा चंदनाच्या परफ्यूममध्ये या हलक्या थराखाली एक भरगच्च मधला थर असतो. वरचं उडालं तरी गोष्ट चालू राहते. समुद्री परफ्यूममध्ये हा मधला थर मुद्दाम पातळ ठेवतात, कारण तो जाड केला की ‘हवा’ नाहीशी होते आणि परफ्यूम जड वाटू लागतो. म्हणजे वर एकदम लख्ख आणि अल्पायुषी भाग, खाली चिवट पण हळू बोलणारा भाग, आणि मध्ये जवळजवळ मोकळी जागा. वरचा भाग उडाला की ऐकणाऱ्याला वाटतं गाणं संपलं. खालचा सूर चालूच असतो, पण तो सूर आपल्याच अंगाजवळ सारखा चालू असल्यामुळे नाक त्याला जमेत धरेनासं होतं. एकसारख्या येणाऱ्या वासाची बातमी मेंदूला देत राहण्यात नाकाला रस नसतो, त्याला बदल हवा असतो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही आणि पाहुण्याला दारातच येतो, तसंच हे. अँब्रॉक्सन आणि मस्क यांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. त्यातून मस्कचे काही रेणू काही माणसांना जन्मतःच येत नाहीत. एकाला गॅलॅक्सोलाइड स्वच्छ धुतलेल्या कपड्यासारखं गोड येतं, दुसऱ्यापुढे तीच पट्टी धरली तर तो कोऱ्या कागदाकडे बघावं तसा बघतो.

हे मी स्वतः चुकून शिकलो. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. समुद्राची एक रचना जुळवायला दिली होती आणि मी सलग दोन दिवस त्याच टेबलापाशी बसून होतो. कॅलोन मला कमी वाटू लागलं, म्हणून जरा वाढवलं. दुपारनंतर पुन्हा कमी वाटलं, पुन्हा वाढवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या वरिष्ठ बाई खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. त्या रागावल्या नाहीत. बाटल्या झाकून ठेवायला सांगितल्या, मला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न हुंगता आधी माझा कालचा शर्ट हुंगायला लावला. मला मळमळून आलं. त्या रचनेत कॅलोन हवं होतं त्याच्या चौपट झालं होतं आणि ते करणाऱ्या मला एकट्याला ते कळत नव्हतं. त्या दिवसापासून ‘माझा परफ्यूम मला येत नाही’ हा पुरावा मी कधीही मान्य केलेला नाही, स्वतःचासुद्धा.

तुम्हीही तीच परीक्षा करा. एखाद्या दिवशी सकाळी नेहमीच्या जागी फक्त दोन फवारे मारा, त्यातला एक सुती शर्टावर. मध्ये पुन्हा लावू नका. रात्री शर्ट काढून एका स्वच्छ पिशवीत गुंडाळून बंद करून ठेवा आणि सकाळी उठल्याउठल्या, चहा-साबण काही नाकाशी येण्याआधी, ती पिशवी उघडा. किंवा दुपारी बाहेरून आलेल्या, खोलीत आधीपासून नसलेल्या माणसाला हातभर अंतरावर उभं करून विचारा. नवरा-बायकोने एकमेकांना विचारून उपयोग नाही, दोघांनी एकाच बाटलीतून लावलेलं असतं आणि दोघांची नाकं सारखीच थकलेली असतात. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं असं परफ्यूमच्या काउंटरवर सांगतात, पण साध्या हवेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होत नाही. दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत चक्कर मारून या, ते पुरतं.

परीक्षेत वास खरंच उरलेला नसेल, तर मग लावण्याच्या पद्धतीकडे बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा फरक इथेच पडतो.

कोरडी कातडी परफ्यूम धरून ठेवत नाही. कातडीवरचं तेल वासाच्या रेणूंना अडकवतं, म्हणून तेलकट कातडीवर तोच परफ्यूम जास्त वेळ टिकतो. उन्हाळ्यात माणसं दोन-दोन वेळा साबणाने अंग घासतात, त्यात ते तेल निघून जातं. आंघोळीनंतर अंग पुसून, कातडी जराशी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर परफ्यूमच्या जागी पातळसं लावा. पाच-सात मिनिटं जाऊ द्या. मग परफ्यूम. वासाचं लोशन वापरलंत तर दोन वासांचं भांडण होईल, आणि समुद्री परफ्यूम त्या भांडणात नेहमी हरतो, इतका तो नाजूक बांधणीचा असतो.

मनगट आणि कानामागची जागा हा सल्ला सगळेच देतात. थंडीत तो बरोबर आहे. उन्हाळ्यात या जागा आधीच तापलेल्या असतात, मनगट दिवसातून दहा वेळा धुतलं जातं आणि मानेवर घाम साचतो. मी उन्हाळ्यात कपड्याखालची जागा निवडतो: छातीचा मधला भाग किंवा पोटाच्या वरचा भाग. तिथे ऊन लागत नाही, आणि कपड्यातून झिरपत येणारा वास मऊ होऊन वर येतो. दुसरा फवारा कापडावर, शर्टाच्या किंवा कुर्त्याच्या आतल्या बाजूने, खांद्याच्या मागे. मागे लावण्याचं कारण हेच की तो तुमच्या नाकाच्या सतत समोर राहत नाही, त्यामुळे नाक थकत नाही, आणि मान वळवली की अधूनमधून तुम्हालाही येतो. नुसत्या जागेच्या बदलाने कितीतरी लोकांचा ‘न टिकणारा’ परफ्यूम टिकायला लागलेला मी पाहिला आहे.

कापड थंड असतं, घाम कमी असतो, म्हणून हलका थरही त्यावर कातडीपेक्षा जास्त वेळ राहतो. सुती आणि लिनन यांच्यावर समुद्री परफ्यूम सुंदर बसतो. पॉलिएस्टरवर माझं मन बसत नाही, ते घामाचा वास धरून ठेवतं आणि त्या वासात डायहायड्रोमिर्सेनॉल मिसळलं की काहीतरी कडवट, धातूसारखं तयार होतं. रेशमावर मारू नका, डाग पडतो. पांढऱ्या कपड्यावर मारायचा असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून बघा, विशेषतः परफ्यूमचा रंग पिवळट असेल आणि त्यात व्हॅनिला असेल तर, कारण व्हॅनिलिन कालांतराने तपकिरी पडतं. मोत्याचे दागिने परफ्यूम वाळल्यावर घाला, अल्कोहोलने त्यांची चमक जाते.

फवारा वीतभर अंतरावरून मारा आणि हात लावू नका. मनगटं एकमेकांवर घासली की ‘रेणू मोडतात’ हे खरं नाही, रेणू असे मोडत नाहीत. पण घासण्याने उष्णता वाढते, द्रव पसरतो आणि जो वरचा थर आधीच वीस मिनिटांचा आहे तो दहाचा होतो. घाम आलेल्या अंगावर, घाम झाकायला म्हणून, परफ्यूम कधीच मारू नका. आधी ओल्या रुमालाने पुसा, कोरडं करा, मग मारा. घामाला उतारा पाणी आणि साबणच.

दिवसाला एकूण किती? सकाळी दोन, फार तर तीन. दुपारनंतर ताजेपणा पुन्हा हवासा वाटला तर एक, आणि तो कापडावरच. त्यासाठी पाच-दहा मिलिलिटरची छोटी फवाऱ्याची बाटली भरून जवळ ठेवा. दुपारचा तो एक फवारा हलका थर परत आणतो, खालचा थर सकाळचाच पुरतो. चार वेळा सहा-सहा फवारे मारल्यावर खालचा थर चोवीस फवाऱ्यांचा साठतो. तुम्हाला येत नसला तरी लिफ्टमध्ये तुमच्याबरोबर उभ्या असलेल्या, दम्याचा किंवा डोकेदुखीचा त्रास असलेल्या माणसाला तो चोवीसही फवाऱ्यांचा येतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वातानुकूलित खोलीत बसून ‘अजून जरा मारू’ असं वाटेल तेव्हाही थांबा. गार, कोरड्या हवेत वास दबतो, आणि बाहेर उन्हात पाऊल टाकताच तोच फवारा उसळून वर येतो. दमट हवेत तो अंगाभोवती रेंगाळतो, कोरड्या उन्हात लवकर विरतो. आपल्याला दिवस कुठे काढायचा आहे ते बघून फवारे मोजा.

आता त्याच्यावर खारट आणि तिच्यावर गोडसर का. पुरुष आणि स्त्री असण्याचा यात फारसा हात नाही. ज्याची कातडी तेलकट आणि गरम, त्याच्यावर खालचे जड रेणू ठळक होतात. ज्याची कोरडी, त्याच्यावर काही थर पटकन निघून जातात आणि मागे वेगळाच तोल उरतो. साबण, केसांचं तेल, कालचं लोशन, कपडे धुण्याच्या पावडरीचा उरलेला वास, हे सगळे त्यात भर घालतात. तिचं सनस्क्रीन किंवा लोशन गोड वासाचं असेल तर परफ्यूममधली वाळूची बाजू, म्हणजे सॅलिसिलेट आणि नारळाची गोडी, उचलून धरली जाते. एक आठवडा दोघांनी एकच बिनवासाचा साबण आणि एकच बिनवासाचं लोशन वापरून बघा. फरक निम्म्यावर आला तर नवल नाही. राहिलेला फरक तुमच्या कातडीचा, तो ठेवा. दोघांना एकच बाटली असूनही एकसारखा वास न येणं हा युनिसेक्स परफ्यूमचा मला सर्वांत आवडणारा गुण आहे.

या शब्दाने बिचकू नये म्हणून एवढंच सांगतो की परफ्यूमची पुरुषांचे आणि बायकांचे अशी वाटणी ही बरीचशी अलीकडची, विक्रीसाठी केलेली आहे. योहान मारिया फरिना यांच्या कोलोन शहरातल्या पेढीची सुरुवात १७०९ ची, आणि त्यांचं लिंबूवर्गीय पाणी स्त्री-पुरुष दोघंही लावत. गेर्लांचं १८८९ चं ‘जिकी’ दोघांनीही वापरलं. १९९४ मध्ये केल्विन क्लाइनच्या ‘सीके वन’ने ‘दोघांसाठी एक’ हे उघडपणे बाटलीचं वैशिष्ट्य म्हणून मांडलं, एवढंच नवीन होतं. समुद्राच्या वासाला तर कुठली बाजू घ्यायचं कारणच नाही. त्यात ना जड फुलं असतात ना तंबाखू-चामडं. जो मलोनचं २०१४ चं ‘वुड सेज अँड सी सॉल्ट’ लावून बघा, कलिंगडाशिवायही किनारा उभा करता येतो हे कळेल, आणि ते कुणासाठी आहे हा प्रश्नही डोक्यात येणार नाही.

उन्हाचं मात्र गांभीर्याने घ्या. ताज्या लिंबूवर्गीय तेलांत, विशेषतः बर्गामॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात, बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की तिथे भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर महिनोन्महिने तपकिरी डाग राहतात. पूर्वी मानेवरून ओघळलेल्या कोलोनच्या, म्हणजे तसल्या लिंबूवर्गीय सुगंधी पाण्याच्या, धारेच्या आकाराचे डाग डॉक्टर ओळखत असत. आता सुगंधउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी कातडीवर राहणाऱ्या उत्पादनांत असं तेल ०.४ टक्क्याच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि बरेच जण बर्गाप्टेन काढून टाकलेलंच तेल वापरतात. तरी घरगुती मिश्रणं आणि मोजमाप न सांगणाऱ्या सुट्या बाटल्या उन्हात अंगावर नकोतच. चांगल्या परफ्यूमच्या बाबतीतही माझा नियम साधा आहे: ऊन लागणाऱ्या कातडीवर परफ्यूम नाही. आधी सनस्क्रीन, ते पंधरा-वीस मिनिटं बसू द्यायचं, आणि परफ्यूम कपड्यावर. सनस्क्रीनच्या थरावर अल्कोहोलचा फवारा मारून तो थर बिघडवू नका. दाढी केल्यावर किंवा वॅक्सिंग केल्यावर त्या जागी दिवसभर काही नको.

नवी बाटली असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली आली तर ती बाटली कपड्यांपुरतीसुद्धा ठेवू नका. लिमोनीन आणि लिनालूल ही सुगंधद्रव्यं ताजी असताना सहसा त्रास देत नाहीत, पण हवेशी संयोग होऊन जुनी झाली की ती ॲलर्जी करू शकतात. समुद्री परफ्यूममध्ये दोन्ही मुबलक असतात. म्हणून बाटली घट्ट बंद, अंधाऱ्या कपाटात ठेवा, न्हाणीघरात नको, खिडकीत नको, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर मुळीच नको. बंद गाडीत पारा पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो आणि अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. बाटली निम्मी झाली की आत हवा वाढते, तेव्हा ती पुढच्या उन्हाळ्यासाठी राखून न ठेवता याच उन्हाळ्यात संपवा. वरचा लिंबाचा सूर आंबूस किंवा वार्निशसारखा यायला लागला तर ती गेली असं समजा.

राहिला शेवटचा प्रश्न, समुद्रावर जाताना लावावा का. पाण्यात उतरणार असाल तर लावू नका. पाणी, वाळू, घाम, ऊन आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं सनस्क्रीन, यांत परफ्यूमला जागाच उरत नाही. शिवाय शेजारी खरा समुद्र असताना आमचा रचलेला समुद्र फार काचेचा, फार गोड वाटतो. मी स्वतः तिथे काही लावत नाही, नाक मोकळं ठेवून शैवाल सुकतंय त्या बाजूला जाऊन उभा राहतो. परफ्यूमची वेळ संध्याकाळची. गोड्या पाण्याने आंघोळ करा, अंगावरचं मीठ निघू द्या, कातडी थंड होऊ द्या, बिनवासाचं लोशन लावा, मग कोरड्या सुती शर्टाच्या आत एक फवारा आणि छातीवर एक. दिवसभर काही न लावल्यामुळे तुमचं नाक ताजं असेल. तासाभराने वारा पडल्यावर मान जरा खाली करून हुंगा. तेव्हा तुम्हाला तो खालचा, खारट-उबदार सूर बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकू येईल.